नाकातलं मांस काढलं, पण तपासलं का?

आपल्याकडे नाक बंद राहायला लागलं की डॉक्टरांच्या आधी घरातलंच कुणीतरी निदान करून टाकतं, "नाकाचं हाड वाढलंय." सर्दी हटत नाही, हाड वाढलंय. रात्री घोरतो, हाड वाढलंय. उदबत्तीचा वास येत नाही, तेही हाडच. आणि कुणी मोबाइलचा टॉर्च लावून आत डोकावलं आणि काही गुलाबी, गुबगुबीत दिसलं, की मग "मांस वाढलंय." ही दोन वाक्यं इंदूरच्या मराठी घरात जशी ऐकू येतात तशीच बडोद्याच्या आणि बेळगावच्याही.

खरं तर टॉर्चमध्ये दिसणारं ते गुलाबी बहुतेक वेळा वाढलेलं मांस नसतंच. नाकाच्या आत दोन्ही बाजूंना टर्बिनेट नावाचे उंचवटे सगळ्यांनाच असतात. श्वासातली हवा गरम आणि दमट करणं हे त्यांचं काम. सर्दीत किंवा ॲलर्जीत ते सुजतात आणि पाहणाऱ्याला गाठ वाटते. पण काही वेळा आत खरोखरच काहीतरी वाढलेलं असतं. या सदरात मागे सायनसवर लिहिलं होतं, तेव्हा त्याचा उल्लेख ओझरता आला होता. आज त्याबद्दलच बोलू या, आणि त्यातही एका गोष्टीबद्दल. नाकातून काढलेला तो तुकडा पुढे कुठे जातो?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. ऑपरेशन झालं, श्वास मोकळा झाला, डॉक्टरांनी काचेच्या बाटलीत काढलेलं मांस दाखवलं, नातेवाइकांनी त्याचा फोटोही काढला. मग बिल भरताना "पॅथॉलॉजी तपासणी" असं काहीतरी वेगळं लिहिलेलं दिसतं आणि मनात येतं, निघालंय ना एकदाचं, आता त्याची कसली तपासणी? तिथेच थांबा. हा खर्च वाचवू नका.

नुसत्या डोळ्यांना सगळं सारखंच दिसतं

नाकात वाढणाऱ्या गोष्टींमध्ये सगळ्यात जास्त आढळतो तो साधा पॉलिप. सोललेल्या द्राक्षांचा घोस डोळ्यांसमोर आणा. फिकट, ओलसर, लोंबणारा. हात लावला तरी दुखत नाही. हा सहसा दोन्ही नाकपुड्यांत असतो आणि त्याच्या मागे बऱ्याच वेळा जुनी सूज, ॲलर्जी किंवा दमा असतो. काही लोकांना ॲस्पिरिनसारखी वेदनाशामक गोळी घेतली की दम लागतो, त्यांच्यातही असे पॉलिप वारंवार होतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात पाणी भरलेला सैल भाग आणि सुजेच्या पेशी दिसतात. हा कॅन्सर नसतो आणि त्याचा कॅन्सर होत नाही. परत येण्याची खोड मात्र त्याला असते, म्हणून ऑपरेशननंतरही स्टिरॉइडचा नाकातला स्प्रे बरेच दिवस चालू ठेवायला सांगतात.

आता दुसरा प्रकार पाहा, इन्व्हर्टेड पॅपिलोमा. नाव अवघड आहे, कल्पना सोपी आहे. स्वेटर काढताना बाही आतल्या बाजूला उलटी जाते ना, तसं नाकाचं अस्तर बाहेर वाढण्याऐवजी आतल्या बाजूला वळून वाढतं. हा बहुतेक वेळा एकाच नाकपुडीत असतो. रुग्णाची तक्रारही साधीच असते, "एकच बाजू बंद राहते." वरवर पाहिलं तर पॉलिपच वाटतो. पण याचं मूळ खरवडून काढलं नाही तर तो परत येतो, आणि वेगवेगळ्या अभ्यासांत शंभरातल्या पाच ते पंधरा रुग्णांमध्ये त्याच्याबरोबर किंवा पुढे कधीतरी कॅन्सर आढळलेला आहे. त्यामुळे साध्या पॉलिपचं ऑपरेशन वेगळं आणि याचं वेगळं. आणि यात गंमत म्हणावी की त्रास, कळत नाही, पण कधी कधी याच्या पुढे साधे पॉलिपही लोंबत असतात. पुढचा एक तुकडा तपासायला दिला तर रिपोर्ट "साधा पॉलिप" असा येतो आणि मागचा खरा दोषी तसाच राहतो. म्हणून काढलेलं सगळं पाठवायचं असतं, नमुन्यापुरतं नाही. उजव्या बाजूचं वेगळ्या डबीत, डाव्या बाजूचं वेगळ्या डबीत.

तिसरा प्रकार आपल्या वाचकांपैकी रायपूर, बिलासपूर किंवा ओडिशाकडे राहणाऱ्यांनी ऐकलेला असू शकतो. तळ्यात किंवा डबक्यात आंघोळ करणाऱ्या लोकांना नाकात लालभडक, स्ट्रॉबेरीसारखी वाढ होते. तिच्यावर बारीक पांढरे ठिपके असतात आणि धक्का लागला की भळाभळा रक्त येतं. तिचं नाव ऱ्हायनोस्पोरिडिओसिस. १९०० साली गिलेर्मो सीबर यांनी अर्जेंटिनात तिचं पहिलं वर्णन केलं, पण जगातले बहुतेक रुग्ण भारत आणि श्रीलंकेतले आहेत. ज्या जंतूमुळे हे होतं त्याला अनेक दशकं बुरशी समजलं जात होतं. १९९९च्या सुमारास डीएनएच्या अभ्यासातून कळलं की ही बुरशी नव्हेच, माशांना आजार देणाऱ्या काही सूक्ष्मजीवांच्या गोतावळ्यातली ती आहे. हा जंतू प्रयोगशाळेत नेहमीच्या पद्धतीने वाढवता येत नाही, त्यामुळे तुकड्याची तपासणी हाच त्याच्या निदानाचा मुख्य आधार. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंनी गच्च भरलेल्या गोल पिशव्या दिसतात आणि पॅथॉलॉजिस्टला शंका उरत नाही. वर दिसणारे पांढरे ठिपके म्हणजे याच पिशव्या. हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, त्यामुळे घरात ताट-वाटी वेगळी करण्याची काहीच गरज नाही. ही वाढही परत येते, म्हणून काढताना तिचं बूड विजेच्या उपकरणाने जाळतात.

आणि काळी बुरशी कोण विसरेल? २०२१च्या मे महिन्यात दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस हा शब्द घराघरांत पोहोचला. वाढलेली साखर आणि स्टिरॉइड यांच्या जोडीने कितीतरी कोविड रुग्णांच्या नाकात आणि सायनसमध्ये ती शिरली. तिथेही नाकातला तुकडाच बोलला. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात तुकडा ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की काही तासांत बुरशीचे रुंद, रिबिनीसारखे धागे दिसायचे आणि उपचार सुरू व्हायचे. एरवी तुकड्याचा रिपोर्ट यायला काही दिवस लागतात, पण घाई असेल तर असा लवकरचा मार्गही असतो हे लक्षात ठेवा. साखर खूप वाढलेल्या माणसाचा गाल अचानक दुखायला लागला, सुन्न झाला, नाकातून काळपट काही आलं किंवा एक डोळा सुजला, तर सकाळची वाट पाहायची नसते.

उरला तो शब्द, जो घरात मोठ्याने उच्चारला जात नाही. नाक आणि सायनसचा कॅन्सर दुर्मीळ आहे, आणि नाक बंद असणाऱ्या हजारो लोकांना तो नसतो. तरी त्याच्या खुणा माहीत असाव्यात. एकाच बाजूची नाकपुडी महिनोन् महिने बंद, त्याच बाजूने रक्तमिश्रित शेंबूड, गालाला बधिरपणा, एका डोळ्यातून सतत पाणी, एकाचे दोन दिसणं. आजी-आजोबांच्या बाबतीत एक खूण हमखास नजरेतून सुटते. वरची कवळी अचानक बसेनाशी होते किंवा वरच्या दाढा कारण नसताना हलायला लागतात. आपण दाताच्या डॉक्टरकडे जातो, कवळी घासून आणतो. गालाच्या आतल्या सायनसमध्ये काही वाढत असेल तर ते खाली टाळूला ढकलत असतं.

सुतारकाम करणाऱ्या घरांसाठी मुद्दाम एक गोष्ट. इंग्लंडमधल्या हाय वायकम या गावात खुर्च्या आणि फर्निचर बनवण्याचा मोठा धंदा होता. १९६०च्या दशकात तिथल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की नाकाचा एक विशिष्ट कॅन्सर या कारागिरांमध्ये भलताच जास्त दिसतोय. तुकड्यांचे रिपोर्ट आणि रुग्णांचे व्यवसाय शेजारी ठेवल्यावर धागा जुळला तो लाकडाच्या बारीक भुशाशी. आज लाकडाची धूळ ही कॅन्सरकारक पदार्थांच्या जागतिक यादीत पहिल्या गटात आहे. म्हणून डॉक्टर "काय काम करता?" असं विचारतात तेव्हा ती शिष्टाचाराची चौकशी नसते. सागवान, बीच किंवा ओक घासण्यात, रंधण्यात वीस-तीस वर्षं गेली असतील तर ते आवर्जून सांगा.

तुकडा घेण्याची घाई कधी करायची नाही?

आतापर्यंत तपासा, तपासा म्हणत आले, आता थोडं उलटं. प्रत्येक गाठीचा तुकडा ओपीडीत बसल्या बसल्या घ्यायचा नसतो.

आपल्या मुलाचा घोळणा फुटला की आपण काय करतो? उन्हाळा आहे, उष्णता झाली, डोक्यावर पाणी मार, कांदा हुंगायला दे. बहुतेक मुलांच्या बाबतीत नाकाच्या पुढच्या भागातली छोटी रक्तवाहिनी फुटलेली असते आणि पुढे वाकून बसवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरला की रक्त थांबतं. पण वयात येणारा मुलगा असेल, पुन्हा पुन्हा भरपूर रक्त जात असेल आणि एक बाजू बंदही राहत असेल, तर नाकाच्या मागच्या भागात अँजिओफायब्रोमा नावाची गाठ असू शकते. ही जवळजवळ फक्त मुलग्यांनाच होते. कॅन्सर नाही, पण रक्तवाहिन्यांनी इतकी भरलेली असते, की चिमट्याने तुकडा काढायला गेलं तर रक्तस्राव आवरणं कठीण होतं. म्हणून तिचं निदान सीटी आणि एमआरआयवर करतात, ऑपरेशनच्या आधी तिला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बंद करतात आणि पूर्ण गाठ काढल्यावरच ती पॅथॉलॉजीकडे जाते.

तान्ह्या बाळाच्या किंवा लहान मुलाच्या नाकातली गाठही अशीच सांभाळून हाताळायची असते. क्वचित मेंदूच्या आवरणाचा भाग जन्मतःच खाली नाकात उतरलेला असतो. तिथे आधी स्कॅन, मग पुढचं. आणि दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वास येणारा शेंबूड येत असेल तर बहुधा गाठ वगैरे काही नसते, मणी, चिंचोका किंवा खोडरबराचा तुकडा असतो. फक्त खेळण्यातला छोटा बटण-सेल असण्याची शंका आली तर त्याच क्षणी दवाखाना गाठा, तो काही तासांत आतलं जाळतो.

"बिनऑपरेशन नाकातलं मांस काढून मिळेल" अशा पाट्या रस्त्यावर दिसतात. त्यांच्याबद्दल माझं मत एवढ्यावरूनच कळेल. आत काय आहे हे स्कॅनशिवाय कळत नाही आणि काढलेलं काय होतं हे तुकडा तपासल्याशिवाय कळत नाही. तिथे दोन्ही नसतं.

डबीपासून रिपोर्टपर्यंत

आधी डॉक्टर दुर्बिणीने नाकाच्या आत पाहतात. नाक बधिर करणारं औषध लावलेलं असतं, त्यामुळे विचित्र वाटतं, पण दुखत नाही म्हटलं तरी चालेल. मग बहुधा सीटी स्कॅन. त्यानंतर तुकडा घेतात. कधी बाह्यरुग्ण विभागातच, कधी भूल देऊन दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आधीच सांगा, आणि मनाने बंद करू नका.

लहान गावांत तुकड्याची डबी नातेवाइकांच्याच हातात देतात, "अमुक लॅबमध्ये पोहोचवा." ही डबी म्हणजे त्या क्षणी घरातली सगळ्यात मोलाची वस्तू समजा. आत १० टक्के फॉर्मालिन असायला हवं, तुकड्याच्या साधारण दहापट. साधं पाणी नको. पाण्यात तुकडा फुगून खराब होतो. डबी फ्रीजमध्ये ठेवायची नाही, उघडून पाहायची नाही, फॉर्मालिनच्या वाफेने डोळे झोंबतात. डबीवर रुग्णाचं नाव, बाजू आणि तारीख आहे ना, ते देणाऱ्यासमोरच वाचा. बुरशी वाढवून पाहायची तपासणी सांगितली असेल तर त्यासाठीचा तुकडा वेगळा, फॉर्मालिनशिवाय द्यावा लागतो. कारण फॉर्मालिनमध्ये सगळंच मरतं.

डबीबरोबर एक फॉर्म जातो. माझ्या मते सगळी गडबड तिथे होते. पॅथॉलॉजिस्टने रुग्णाला पाहिलेलं नसतं. त्यांच्या हातात असतो फक्त तुकडा आणि हा कागद. त्यावर नुसतं "नेझल मास" असं लिहिलेलं असेल तर त्यांना अंधारात चाचपडावं लागतं. वय, बाजू, किती महिन्यांपासून, आधी ऑपरेशन झालंय का, मधुमेह, कामाचं स्वरूप, स्कॅनमध्ये काय दिसलं, स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या होत्या का, एवढं त्यावर असावं. शेवटचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण लिम्फोमासारख्या आजारात स्टिरॉइडमुळे तुकड्यातलं चित्रच पुसट होऊ शकतं.

लॅबमध्ये तुकडा मेणात बसवतात आणि त्याचे ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप काढतात. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करा. मग जांभळा आणि गुलाबी असे दोन रंग चढतात. त्यातला जांभळा मूळचा लॉगवूड नावाच्या झाडाच्या लाकडातून मिळालेला आहे, हे वाचून मला उगाचच बरं वाटलं. या सगळ्याला वेळ लागतो. तुकड्यात हाड असेल तर ते मऊ करण्यात आणखी दिवस जातात. काही गाठी इतक्या सारख्या दिसतात, की इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री नावाची पुढची तपासणी लागते. म्हणजे "अजून तपासण्या हव्यात" असा फोन आला की लगेच घाबरायचं कारण नाही, आणि लॅब पैसे उकळतेय असंही समजायचं कारण नाही.

रिपोर्ट इंग्रजीत असतो. मी इंग्रजीत बीए केलंय, तरी पहिल्यांदा असा रिपोर्ट वाचला तेव्हा निम्मा डोक्यावरून गेला. तुम्ही एवढं पाहा. "बिनाइन" म्हणजे कॅन्सर नसलेलं. "डिस्प्लेशिया" म्हणजे पेशी बदलायला लागल्या आहेत, लक्ष ठेवायला हवं. "इनॲडिक्वेट" म्हणजे तुकडा पुरेसा नव्हता, पुन्हा घ्यावा लागेल. यात वाईट बातमी कुठलीच नाही, फक्त उत्तर मिळालेलं नाही. "नो एव्हिडन्स ऑफ मॅलिग्नन्सी" हे वाक्य वाचून पेढे आणण्याआधी डॉक्टरांना विचारा, की स्कॅनशी हे जुळतंय का? कारण ते वाक्य आलेल्या तुकड्याबद्दल आहे. स्कॅनमध्ये हाड खाल्लेलं दिसतंय आणि रिपोर्ट साध्या सुजेचा आलाय, तर बहुधा तुकडा योग्य जागेचा नव्हता. अशा वेळी चांगले डॉक्टर पुन्हा तुकडा घ्यायला कचरत नाहीत, तुम्हीही कचरू नका.

"चाकू लागला की पसरतं" ही भीती मी माझ्या मावशीकडूनही ऐकली आहे. नाकातल्या गाठीचा तुकडा घेतल्यामुळे कॅन्सर पसरतो, याला आधार नाही. होतं असं, की लोक महिनोन् महिने थांबतात, आजार आतल्या आत वाढतो, शेवटी बायोप्सी होते आणि तेव्हाच सगळं कळतं. मग गावभर सांगितलं जातं, "बायोप्सी केली आणि बिघडलं." मावशीला हे पटायला दोन फोन लागले. तिसऱ्या फोनला तिने तपासणीची तारीख सांगितली. रिपोर्ट साध्या पॉलिपचा आला.

आणखी एक हक्क फारसा कुणाला माहीत नसतो. रिपोर्टचा कागद हातात आला म्हणजे तपासणी संपली असं नाही. काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक लॅबमध्ये जपून ठेवलेले असतात आणि दुसरं मत घ्यायचं असेल तर ते मागून घेता येतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयात बाहेरगावचे रुग्ण येतात तेव्हा आधीच्या स्लाइड आणि ब्लॉक मागितले जातात, तिथले पॅथॉलॉजिस्ट ते पुन्हा पाहतात. पुष्कळदा नवा तुकडा घ्यावाच लागत नाही. तेव्हा रायपूरहून, हैदराबादहून मुंबईला निघण्याआधी फाइलबरोबर हेही घ्या, लॅबच्या नोंदवहीत सही करा, पोच जपून ठेवा. काचा कापसात गुंडाळून कडक डब्यात ठेवा. आणि ब्लॉक मेणाचा आहे, एप्रिल-मेच्या उन्हात तो गाडीच्या डॅशबोर्डवर विसरू नका.